अकरा तासांवरचा भाऊ

३ फेब्रुवारी

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

पत्राला फार उशीर झाला, राग धरू नकोस. तुझं नोव्हेंबरचं पत्र इथे समोर टेबलावर पडून आहे आणि येता-जाता माझ्याकडे बघतं. दोनदा लिहायला बसलो, दोनदा कागद फाडला. सातवीपर्यंत शिकलेल्या माणसाला आधीच लिहायला वेळ लागतो, त्यात मन थाऱ्यावर नसलं की एका ओळीत तीन खाडाखोडी होतात. फोनवर बोलायचं तर माझ्या डाव्या कानाचं तुला ठाऊक आहे. एकतीस वर्षं इंजिनाशेजारी बसलो, आता फोनमधला माणूस मला चढावर लागलेल्या गाडीसारखा ऐकू येतो. म्हणून पत्रच.

आईचं तुझ्या वहिनीने तुला कळवलंच आहे. डिसेंबरात मोरीत पाय घसरला, खुब्याचं हाड गेलं. एकोणनव्वदाव्या वर्षी ऑपरेशन झेपणार नाही म्हणून तशीच ठेवली. पलंगावरून उठत नाही. गेल्या पंधरवड्यात खाणंही सुटत चाललंय. काल डॉक्टर मला जिन्यात घेऊन गेले आणि म्हणाले, "आजोबा, लांबची कोण माणसं असतील त्यांना बोलावून घ्या. घाई नाही, पण उशीरही करू नका." आता याचा अर्थ काय घ्यायचा? घाई नाही आणि उशीरही नाही!

आई रोज सकाळी एकदा विचारते, "धाकटा निघाला का गं?" मला नाही, वहिनीला विचारते. मग मी आतून ओरडून सांगतो, "आई, अकरा तासांचा प्रवास आहे. त्याला रजा मिळायला नको का?" ती मान हलवते. "हो बाई, लांब पडतं त्याला." मग दिवसभर पुन्हा विचारत नाही.

आता खरं ते लिहितो, ज्याच्यासाठी दोन कागद फाडले.

मागच्या रविवारी आमच्या डेपोतल्या निवृत्त लोकांचा मेळावा होता. तिथे आमचा जुना क्लार्क आला होता, अंगाने काडी म्हणून सगळे त्याला टाचण म्हणतात. त्याच्याबरोबर त्याचे जावई होते. टाचण म्हणाला, "जावई तुमच्या भावाच्याच गावात असतात. आज सकाळी तिकडून निघाले, इथे जेवले, संध्याकाळी घरी परत."

मी हसलो. म्हटलं, "काहीतरीच काय! माझा भाऊ वीस वर्षं तिथे आहे. विमानाने अकरा तास लागतात."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मग गॅरेजमधला तो जाड्या म्हणाला, "ड्रायव्हरसाहेब, तुमचा भाऊ विमानात बसून येतो की विमान ढकलत येतो?"

असे हसले लोक! मी वाद घातला. आवाज चढवला. जावई बिचारे सभ्य, ते हळूच म्हणाले, "काका, वर गेलं की पाणी देतात. ते पिऊन होईपर्यंत खाली यायची सूचना होते." मी त्यांनाही म्हणालो, तुमची काहीतरी चूक होतेय.

दुसऱ्या दिवशी मी कोपऱ्यावरच्या तिकिटांच्या दुकानात गेलो. तिथल्या मुलीने मशीनवर बघून सांगितलं. या विमानतळापासून त्या विमानतळापर्यंत सहाशे चाळीस किलोमीटर. एक तास दहा मिनिटं. दिवसातून तीन विमानं, मध्ये कुठेही न थांबता. मी विचारलं, "ही आत्ता सुरू झाली असतील?" ती म्हणाली, "नाही आजोबा, बारा वर्षं तरी झाली असतील. मी शाळेत होते." तिने कागदावर लिहून दिलं, तो कागद सोबत पाठवतो. कदाचित तुझ्या गावाच्या नावाचं दुसरं गाव असेल. कदाचित तुझ्या कंपनीला त्या विमानाने जायची परवानगी नसेल. तू नीट खुलासा कर.

मला मूर्ख म्हणू नकोस की मी आधी कुणाला विचारलं का नाही. आमच्या धंद्यात एक रीत होती. ज्या रस्त्यावर आपण गाडी घातली नाही, त्या रस्त्याची वेळ दुसऱ्या ड्रायव्हरला विचारायची आणि तो सांगेल ती मानायची. त्यावर शंका काढायची नाही. विमानाचा रस्ता तुझा होता. तू अकरा म्हणालास, मी अकरा धरले.

बाबा गेले तेव्हाही मी तेच धरले. लोक म्हणत होते, धाकट्यासाठी थांबू या. मीच म्हणालो, नका थांबू, अकरा तास लागतात, त्याला उगाच धावपळ. आणि बाबांना दुपारीच नेलं. तू तिसऱ्या दिवशी आलास. त्याला नऊ वर्षं झाली. बारातून नऊ गेले की तीन उरतात, एवढं गणित मला येतं.

पत्र पोचल्याचं कळव. आमचा पोस्टमन नवीन आहे, शेजारच्यांची पत्रं आमच्याकडे टाकतो, म्हणजे आमची कुठे टाकत असेल कोण जाणे.

दादा


१२ फेब्रुवारी

ती. दादास साष्टांग नमस्कार.

पत्र मिळालं. तू विनाकारण डोक्याला त्रास करून घेतला आहेस. त्या दुकानातल्या मुलीने सांगितलं ते विमान हवेत असतं तेवढ्या वेळाचं. प्रवास म्हणजे तेवढाच नसतो, हे तुझ्यासारख्या माणसाला मी सांगायला हवं का? माझ्या घरापासून विमानतळ दोन तासांवर. तिथे दोन तास आधी हजर व्हावं लागतं. विमान तास-दोन तास उशिरा सुटणं हे तर नेहमीचंच. उतरल्यावर सामान यायला एक तास. पुढे आपल्या घरापर्यंत दीड तास तरी, कारण नदीवरचा पूल बंद असल्यामुळे पाण्याच्या टाकीकडून वळसा घालून यावं लागतं. सगळं धरून दहा होतात, कधी अकराही होतात. मी काही हवेतला आकडा सांगितला नव्हता.

बाबांच्या वेळचं तू काढायला नको होतंस. त्या दिवशी माझी काय अवस्था होती ते माझं मला माहीत.

आईची काळजी वाटते. इथे सध्या माणसं कमी आहेत. हॉस्पिटलांमधली एक्स-रेची यंत्रं बंद पडली तर रुग्ण खोळंबतात, त्यामुळे साहेब रजेचं नाव काढू देत नाहीत. एप्रिलमध्ये नक्की बघतो. तोवर आईला यातलं काही सांगू नकोस. या वयात तिला उगाच धक्का.

टाचणच्या जावयाचं सोड. काही लोकांना मोठेपणा सांगायची सवय असते. वहिनीला नमस्कार.

तुझा,
धाकटा


२० फेब्रुवारी

चि. धाकट्यास आशीर्वाद.

तुझं पत्र वहिनीला वाचून दाखवलं. ती भाजी चिरत होती. म्हणाली, "तीस वर्षं बसच्या वेळा पाठ केल्यात, आता भावाच्या वेळेचंही एक वेळापत्रक करा." चेष्टेत म्हणाली, पण मी खरंच केलं. वहीचं पान घेतलं, रेघा मारल्या, डेपोत लावायचो तसंच.

तुझं घर ते विमानतळ, तू म्हणतोस म्हणून दोन तास. आधी हजर राहणं, मुलगी म्हणाली एक तास पुरतो, मी दीड दिला. हवेतले एक तास दहा मिनिटं. सामानाला अर्धा तास. इथल्या विमानतळापासून घर, त्याचं पुढे सांगतो, एक तास पंचवीस मिनिटं. वर चहाला पंधरा मिनिटं, कारण तुला चहाशिवाय होत नाही. सगळे मिळून सहा तास पन्नास मिनिटं. अकराला चार तास दहा मिनिटं कमी पडतात. एवढी लेट गाडी मी आयुष्यात एकदाच आणली, आणि तेव्हा पुढचा अ‍ॅक्सल तुटला होता.

एक तास पंचवीस मिनिटं हे मी मोजून आणले. परवा सकाळी घड्याळ घालून बसने विमानतळावर गेलो. वहिनी म्हणत होती, तुम्हाला वेड लागलंय. असेल. बाहेरच्या बाकावर बसलो, दोन विमानं उतरताना बघितली. किती माणसं हातात नुसती एक पिशवी घेऊन बाहेर येत होती! जणू कोपऱ्यावर जाऊन आली. एका बाईला घ्यायला तिचा म्हातारा बाप आला होता, त्याला म्हणाली, "बाबा, कशाला आलात एवढ्यासाठी?" मग दुसरी बस धरून मी परत आलो.

आणि परत येताना, पाण्याच्या टाकीजवळ बस वळली तेव्हा, तुझ्या पत्रातली वळशाची ओळ आठवली.

पूल सप्टेंबरात बंद झाला. खांबाला तडा गेला म्हणून. तू इथे शेवटचा आलास त्याला चार वर्षं झाली. मी पुलाचं तुला लिहिलं नाही. लिहिलं असेल असं वाटून तुझी उत्तरं काढून बघितली, एकातही पुलाचा विषय नाही. वहिनीला विचारलं, ती म्हणाली, फोनवर आईच्या औषधांशिवाय काही बोलणं होत नाही. आणि टाकीकडचा वळसा गावातल्या माणसालाही ठाऊक नसतो. तो विमानतळाकडून येणाऱ्या गाड्यांसाठीच काढलाय.

मग तुला कसा ठाऊक?

मला वाटतं कुणीतरी सांगितलं असेल. कुणी सांगितलं तेवढं नाव कळव, म्हणजे मी शांत होतो. दोन दिवस जेवण जात नाही. वहिनीला काही बोललो नाही, ती आधीच आईच्या अंथरुणापासून हलत नाही. आई काल दोनच घोट पाणी प्यायली.

दादा


२८ फेब्रुवारी

दादा,

तू पुलाचं लिहिलंस आणि मला कळलं की आता संपलं. तू एकदा रस्ता बघितलास की विसरत नाहीस, हे मी विसरलो.

मी येत होतो. गेल्या दोन वर्षांत पाच वेळा. नदीपलीकडच्या मोठ्या हॉस्पिटलात आमच्या कंपनीची दोन यंत्रं आहेत. सकाळच्या विमानाने यायचं, काम करायचं, कधी त्यांच्याच पाहुण्यांच्या खोलीत राहायचं, दुसऱ्या दिवशी परत. शेवटचा आलो तो जानेवारीत. हो, आई पडल्यानंतर.

तू मला काय म्हणशील ते मी स्वतःला म्हणून झालंय. तरी कसं झालं ते तुला सांगायला हवं. वीस वर्षांपूर्वी मी पहिल्यांदा इथे आलो तेव्हा मध्ये विमान बदलावं लागायचं आणि खरोखर अकरा तास लागले होते. तेव्हा मी खोटं बोललो नव्हतो. मग थेट विमान सुरू झालं. ते सांगायचं राहून गेलं. दर पत्रात सांगू म्हणायचो. मग बाबा आजारी पडले, दर आठवड्याला तुझं पत्र, बाबांना ताप, बाबांचं बिघडलं, गॅसची नळी गळते, छताला ओल आली. मला वाटलं, एक तास दहा मिनिटं म्हटलं तर यातल्या प्रत्येक गोष्टीसाठी मला बोलावतील. अकरा म्हटलं की कुणी बोलवत नाही. उलट सगळे म्हणतात, बिचारा लांब आहे. तू तर माझी बाजू घेऊन लोकांशी भांडायचास. मला त्याची सवय झाली.

तुला राग येईल पण लिहितो. तुझ्याशेजारी मला नेहमी पळून गेलेल्या माणसासारखं वाटतं. तू कधी तसं बोलला नाहीस. पण तू सगळं करतोस आणि वर मला लिहितोस, तू काळजी करू नकोस. ते वाक्य मला सहन होत नाही.

जानेवारीत मी गल्लीच्या तोंडापर्यंत आलो होतो. फळवाल्याच्या गाडीमागे उभा राहिलो. तू बनियनवर गॅलरीत गादी झटकत होतास. आतून आई काहीतरी म्हणाली असावी, तू वळून ओरडलास, "अगं आलो, आलो!" मी दहा मिनिटं उभा होतो. फळवाला म्हणाला, "साहेब, घ्यायचं काही?" मी चार संत्री घेतली आणि रिक्षात बसलो.

आईला सांगू नकोस. मला काय वाटेल ते बोल, पण तिला नको. मार्चअखेर तिकडे काम निघेल असं वाटतं, तेव्हा बघतो.

धाकटा


५ मार्च

पत्र मिळालं.

तू उभा होतास तेव्हा ती मला म्हणत होती की तिला उचलून गॅलरीत बसव, रस्ता बघायचाय. मी म्हणालो, गादी झटकून होऊ दे.

बाकी नंतर लिहीन.

दादा


१२ मार्च

दादा,

आठवडा झाला, तुझं पुढचं पत्र नाही. तू गप्प बसलास की मला भीती वाटते. वहिनीचे फोन येतात, पण उचलायला हात होत नाही. ती काय विचारेल आणि मी काय सांगेन? रागाचं का होईना, दोन ओळी लिही. आईला काही सांगितलंस का, तेवढं आधी कळव.

धाकटा


१६ मार्च

धाकट्या,

हो, सांगितलं.

तुझं ते "मार्चअखेर काम निघेल तेव्हा बघतो" मी रोज वाचत होतो. खिशात ठेवायचो, काढायचो, पुन्हा वाचायचो. काम निघेल तेव्हा! म्हणजे यंत्र बिघडलं तर आई. परवा सकाळी वहिनी आईचं अंग पुसत होती आणि आईने नेहमीसारखं विचारलं, "धाकटा निघाला का गं?" वहिनी म्हणाली, "लांब आहे ना तो, आई." आणि माझा तोल गेला. मी दारातच उभा राहून ओरडलो, "लांब नाही! एक तास दहा मिनिटांवर आहे! बारा वर्षं तो आपल्याला फसवतोय आणि बारा वर्षं मी त्याची वकिली करतोय!"

वहिनीच्या हातातला टॉवेल तसाच राहिला. म्हणाली, "अहो, काय हे!" पण बाण सुटला होता. गल्लीचं मात्र मी सांगितलं नाही. ते जिभेवर आलं होतं. ते तेवढं गिळलं.

मला वाटलं, आई रडेल. तुला दोन शब्द बोलेल. खरं सांगू? मला तेच हवं होतं. एवढ्या वर्षांत एकदा तरी तिने तुला नावं ठेवावीत आणि माझ्याकडे बघावं. म्हातारा झालो तरी मनात असलं काय काय असतं.

तिने मान माझ्याकडे वळवली. मग म्हणाली, "किती म्हणालास?"

मी म्हणालो, "एक तास दहा मिनिटं."

"म्हणजे मला वेणीफणी करायला लागतो तेवढा वेळ?"

"हो."

धाकट्या, ती हसली. दात नसलेलं, तोंडभर हसली. म्हणाली, "अगं बाई, इतका जवळ आहे होय! मी आपली समजत होते पोर कुठे जगाच्या टोकाला जाऊन पडलंय. एवढ्या जवळ आहे म्हटल्यावर येईलच की तो."

मी म्हणालो, "आई, तुला कळतंय का मी काय सांगतोय? तो खोटं बोलला."

"कळतंय रे. तू आधी माझा पलंग फिरव. दाराकडे तोंड कर. आणि ते विटकं पांघरूण काढ, तो काय म्हणेल?"

खालच्या वॉचमनला बोलावून आम्ही पलंग फिरवला. तिने वहिनीकडून केस विंचरून घेतले. पाच दिवसांनी खायला मागितलं, वाटीभर मऊ भात खाल्ला. म्हणाली, बोलायला ताकद हवी. डॉक्टर संध्याकाळी आले, बघून चकित झाले. मग जिन्यात मला म्हणाले, "आजोबा, हे असं कधी कधी होतं. फार दिवस टिकत नाही. यावर आशा बांधू नका."

आशा मी कशाला बांधू, मी तर तिच्या गळ्यात बांधून मोकळा झालो.

आधी अकरा तास होते तेव्हा ती दिवसातून एकदा विचारायची. आता दर तासा-सव्वा तासाने विचारते, कारण तिच्या हिशेबाने तेवढ्यात तू पोचायला हवास. "आत्ता निघाला असेल तर?" मग थोड्या वेळाने, "मागचं चुकलं असेल, पुढच्याने निघाला असेल." गल्लीत रिक्षा थांबली की मान उचलते. आज तिसरा दिवस. काल संध्याकाळी तिने विचारलं, "त्या विमानात जागा मिळत नसेल का रे?" मी हो म्हणालो. काय करू? तुझ्यावर एवढा संतापलेला मी, माझ्याच तोंडून तुझ्यासाठी नवीन सबब निघाली. आणि तिने ती लगेच मानली. कशी पटकन मानते! तुला किती सोपं गेलं असेल, ते मला काल कळलं.

वहिनीने आज सकाळी तीनदा फोन लावला, तू उचलला नाहीस. म्हणून हे पत्र साध्या पोस्टाने न टाकता कुरिअरने पाठवतोय. तो माणूस म्हणाला उद्या दुपारपर्यंत हातात पडेल. मी दोनदा विचारून घेतलं, पत्ता मोठ्या अक्षरात लिहिला, तरी जीव खालीवर होतोय.

बाबांचं मी तुला माफ करणार नाही. गल्लीच्या तोंडाचंही नाही. ते तू माझ्याशी गोड बोलून मिटेल असं समजू नकोस. तू आलास तर मी तुझ्याशी बोलेन की नाही, मला ठाऊक नाही. कदाचित मी खाली जाऊन पायरीवर बसेन. पण दार उघडं असेल आणि ती दाराकडेच बघत असेल.

येणार असलास तर हे वाचून तसाच ऊठ आणि निघ. येणार नसलास तर तसं लिही, स्पष्ट लिही. मग तिला काय सांगायचं ते मी बघेन, पण मला आधी कळायला हवं, कारण ती विचारते आणि मला दर वेळी काहीतरी बोलावं लागतं. हो किंवा नाही, एकच शब्द पाठव. फोनवर वहिनीला सांग, पत्र लिही, कुणाच्या हाती निरोप धाड. पण लवकर. आत्ता हे लिहितोय तेवढ्यात तिने आतून दोनदा हाक मारली आहे.

दादा